गाडीला दिलेला आशीर्वाद

आमच्या हरसूलकडे दसऱ्याच्या सकाळी वाहने धुण्याची जी धांदल उडते, ती शहरातील वाचकाला सांगून खरी वाटावयाची नाही. विहिरीपाशी, हातपंपापाशी, ओहोळाच्या काठी, जिथे म्हणून पाणी मिळेल तिथे ट्रॅक्टर, जीप, पिकअप आणि मोटारसायकली ओळीने उभ्या असतात. झेंडूच्या माळा चढतात, नारळ फुटतात. आमच्या श्रद्धावंतांनाही या दिवशी आपले वाहन तसेच उभे ठेववत नाही. सकाळची मिस्सा आटोपली की ही मंडळी आपापली वाहने घेऊन प्रार्थनामंदिरापुढील आंब्याखाली येतात आणि म्हणतात, "फादर, आशीर्वाद द्या." आम्ही गळ्यात स्टोल घालतो, प्रार्थनेचे पुस्तक उघडतो आणि पवित्र पाणी शिंपडतो. गेली कित्येक वर्षे हा आमचा नेम आहे. त्यात आम्हांला कधी काही वावगे वाटले नाही. आजही वाटत नाही. परंतु २०२२ सालच्या दसऱ्याला दिलेला एक आशीर्वाद आमच्या मनातून जात नाही. त्याविषयी आज लिहावयाचे आहे.

त्या दिवशी आमच्या धर्मग्रामातील एक तरुण शिक्षक आपली पहिली मोटार घेऊन आला होता. त्याचे नाव येथे देत नाही. पाड्यावर सारे त्याला मास्तर म्हणतात, आपणही तसेच म्हणू. त्याचे वडील उभा जन्म द्राक्षबागांच्या मजुरीवर गेलेले. हंगाम आला की पहाटे जीपच्या मागच्या फळीवर लोंबकळत गिरणाऱ्याच्या बाजूला जावयाचे आणि रात्री परतावयाचे. त्या माणसाचा मुलगा शिकला, आश्रमशाळेत नोकरीला लागला आणि त्याने जुनी का होईना, पांढरी मोटार घेतली. पाड्यावर आलेली ती पहिली मोटार. मास्तरने मोठ्या कौतुकाने दार उघडून आम्हांला स्टेअरिंगवरची अक्षरे दाखविली. "फादर, एअरबॅग आहे हिला. एक इथं, एक बाजूच्या सीटपुढं. ठोकर बसली की आपोआप फुगते." म्हाताऱ्या वडिलांनी त्या चाकावरून हलकेच हात फिरविला आणि विचारले, "आन यात हवा कोन भरतो?" सगळे हसले. आम्हीही हसलो.

महिन्यापूर्वीच, ४ सप्टेंबरला, चारोटीचा अपघात घडला होता. हरसूलहून जव्हार, कासा या वाटेने निघाले की चारोटी नाका लागतो. डहाणूच्या महालक्ष्मीला जाणाऱ्या आमच्या भागातील लोकांना तो रस्ता पायाखालचा. त्यामुळे सायरस मिस्त्री हे नाव त्यापूर्वी ज्यांनी ऐकले नव्हते, तेही सूर्या नदीच्या त्या पुलाविषयी बोलत होते. आंब्याखाली तोच विषय निघाला. कोणीतरी म्हणाले, "मोठ्यांच्या मोठ्या गाड्या, मोठा वेग. आपल्या घाटात कुठला आला वेग?" सर्वांनी माना डोलावल्या.

याच वेळी, गाडीत पाणी शिंपडण्यासाठी वाकलो असताना, आम्हांला ती क्लिप दिसली. चालकाच्या आसनाचा पट्टा आपल्या जागी गुंडाळलेला होता, आणि पट्ट्याची जीभ जिथे अडकवावयाची त्या खाचेत धातूची एक छोटी पट्टी खोचून ठेवलेली होती. तिचा उपयोग एवढाच की पट्टा न लावताही गाडीला तो लावल्यासारखा वाटावा आणि तिची टणटण बंद व्हावी. ही वस्तू काय आहे हे आम्हांला ठाऊक होते. क्षणभर तोंडावर शब्दही आला. पण सणाचा दिवस, माणसाच्या आयुष्यातील पहिली मोटार, भोवती जमलेला पाडा. अशा वेळी टोकावे कसे? शिवाय आम्ही तरी कोणत्या तोंडाने टोकणार होतो? आमच्या स्वतःच्या जीपच्या मागील आसनांचे पट्टे सीटकव्हरखाली कधीचेच गाडले गेले होते. आम्ही आशीर्वाद दिला, मास्तरच्या मुलीच्या हातावर पेढा ठेवला आणि आत गेलो.

त्यानंतर नऊ महिन्यांनी, २०२३ सालच्या जुलैत, एका पावसाळी रात्री फोन आला. मास्तर नाशिकहून शाळेच्या वह्या घेऊन एकटाच परतत होता. एका वळणावर गाडी घसरली, मोरीच्या कठड्याला तिरकी धडकली, गर्रकन फिरली आणि चारीत जाऊन आदळली. मागून येणाऱ्या भाजीच्या पिकअपवाल्याने १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलाविली. आम्ही पोहोचलो तेव्हा मास्तरला नाशिकला हलविले होते. विजेरीच्या उजेडात गाडी पाहिली. दोन्ही पिशव्या उघडलेल्या, रिकाम्या आणि लुळ्या, पावसाने भिजून चाकावरून ओघळलेल्या. काचेवर रक्ताचा डाग नव्हता. मनात आले, वाचला! देवाची कृपा, पिशवी उघडली.

अतिदक्षता विभागाच्या दाराशी मास्तरचे वडील उकिडवे बसले होते. मास्तरच्या चेहऱ्यावर ओरखडा नव्हता. उजव्या कानाच्या वर सुपारीएवढे टेंगूळ तेवढे होते. परंतु तो डोळे उघडत नव्हता, हाक मारली तर ओ देत नव्हता. बेशुद्धीची खोली मोजण्याची ग्लासगो येथील डॉक्टरांनी १९७४ साली घालून दिलेली एक पद्धत आहे. तिच्यात पूर्ण शुद्धीला पंधरा गुण, सर्वांत खोल बेशुद्धीला तीन. आठ किंवा त्याहून कमी असले की इजा गंभीर. मास्तरचे गुण सात होते. आम्ही त्याच्या कपाळाला व हातांना पवित्र तेल लावून बाहेर आलो तेव्हा म्हाताऱ्याने आमचा हात धरला. "फादर, पिशवी तर फुगली व्हती ना? मंग डोक्याला कसं लागलं?"

पुण्याच्या सेमिनरीत तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकताना आम्ही पुष्कळ अवघड प्रश्नांची उत्तरे पाठ केली होती. या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. पुढील बारा दिवस मास्तर शुद्धीवर येण्याची वाट पाहत असताना आणि त्यानंतर कित्येक महिने आम्ही ते शोधले. डॉक्टरांना विचारले, गॅरेजवाल्यांना विचारले, मिळेल ते वाचले. जे हाती लागले ते म्हाताऱ्याला समजेल अशा भाषेत येथे मांडतो.

मेंदूच्या शल्यतज्ज्ञांनी पहिली गोष्ट सांगितली ती ही की, अपघातात धडक एक नसते, तीन असतात. पहिली धडक गाडीची कठड्याशी. दुसरी माणसाची गाडीशी. कारण गाडी थांबली तरी आतला माणूस त्याच वेगाने पुढे जात असतो. आणि तिसरी माणसाच्या आत होते. कवटी थांबते, पण तिच्यातला दीड किलोच्या आतबाहेरचा मऊ मेंदू थांबत नाही. वाळलेल्या नारळाचा गोटा करवंटीपासून सुटला की हलविल्यावर आत खुळखुळतो, तसा तो आतल्या आत हलतो, पिळला जातो आणि हाडावर आपटतो. एअरबॅग उभी राहते ती दुसऱ्या धडकेच्या वाटेवर. डोके चाकावर किंवा काचेवर फुटू नये, ते हळूहळू थांबावे, एवढे तिचे काम. तिसरी धडक ती सौम्य करू शकते, नाहीशी करू शकत नाही.

त्यातही डोक्याला सरळ बसणाऱ्या धक्क्यापेक्षा पीळ बसणे अधिक वाईट. ऑक्सफर्डचे भौतिकशास्त्रज्ञ होलबोर्न यांनी १९४३ साली हे दाखवून दिले होते. कवटीच्या आकारात जिलेटिन भरून त्यांनी प्रयोग केले आणि डोके झटक्याने फिरले की आतील मऊ द्रव्य कसे ताणले जाते हे मांडले. मेंदूतील पेशींना जोडणारे तंतू केसाहूनही कितीतरी बारीक असतात. या पिळाने ते जागोजागी ताणले जातात, तुटतात. बाहेर जखम नाही, कवटीला तडा नाही, पहिल्या सीटी स्कॅनमध्येही फारसे काही दिसत नाही. आणि तरीही माणूस जागा होत नाही. मास्तरला नेमके हेच झाले होते.

आता पिशवीविषयी. तिचा जन्मच मोठा हृदयस्पर्शी आहे. १९५२ साली अमेरिकेत जॉन हेट्रिक नावाचे गृहस्थ पत्नीला व लहान मुलीला घेऊन मोटारीने फिरावयास निघाले होते. रस्त्यात अचानक अडथळा आला, त्यांनी गाडी वळवून ब्रेक दाबला, आणि त्याच क्षणी पतिपत्नी दोघांचेही हात मुलीला सावरण्यासाठी आपोआप पुढे गेले. घरी परतल्यावर त्यांच्या मनात आले की, आईबापांच्या हाताचे हे काम करणारे काही गाडीतच बसविता येणार नाही का? त्यातून त्यांनी हवेच्या उशीचा आराखडा केला. १९५३ साली त्याला पेटंट मिळाले. ही कल्पना व्यवहारात उतरण्यास पुढे अनेक वर्षे गेली. मर्सिडीज कंपनीने १९८१ साली आपल्या गाडीत ती बसविली तेव्हा तिच्यासोबत धडकेच्या क्षणी पट्टा घट्ट ओढून धरणारी योजनाही होती. म्हणजे पट्टा आणि पिशवी ही तेव्हापासूनची जोडी. मास्तरच्या स्टेअरिंगवर जी इंग्रजी अक्षरे होती, त्यांत एसआरएस ही तीन होती. त्यांतील पहिल्या अक्षराचा अर्थच मुळी 'पूरक' असा आहे. कशाला पूरक? पट्ट्याला. आम्ही त्या अक्षरांवर पवित्र पाणी शिंपडले होते, पण त्यांचा अर्थ कधी विचारला नव्हता.

धडक ओळखली जाताच ठिणगी पडते, रसायन जळून वायू होतो आणि सेकंदाच्या सुमारे तिसाव्या हिश्श्यात पिशवी भरते. डोळ्याची पापणी लवण्यासही याहून अधिक वेळ लागतो. ती बाहेर पडते तो वेग तासाला तीनशे किलोमीटरच्या घरात जाऊ शकतो. तिला मागे छिद्रे असतात; डोके टेकले की वायू त्यांतून निघून जातो आणि ती दबत दबत डोक्याला थांबविते. म्हणून माणसाने तिला भेटावयाचे ते ती पूर्ण भरल्यानंतर. पट्टा त्याला तेवढा काळ मागे धरून ठेवतो. पट्टा नसेल तर ब्रेक दाबताच शरीर पुढे सरकते, आणि भरलेल्या उशीवर टेकण्याऐवजी माणूस फुटून बाहेर येणाऱ्या पिशवीच्या तोंडीच सापडतो. छाती आणि चाक यांच्यामध्ये किमान वीतभराहून थोडे अधिक, म्हणजे पंचवीस सेंटिमीटर अंतर असावे, असे जाणकार सांगतात ते याच कारणाने.

दुसरी गोष्ट अशी की, पिशवी एकदाच उघडते. सेकंदभरात ती लुळी पडते. मास्तरची गाडी आधी कठड्याला धडकली आणि मग चारीत आदळली. पहिल्या धडकेला पिशवी होती. दुसऱ्या धडकेला ती रिकामी झालेली होती, आणि मास्तरला आसनाशी धरून ठेवणारे काहीच उरले नव्हते. शिवाय पहिली धडक तिरकी होती. समोरची पिशवी समोरून येणाऱ्या डोक्यासाठी असते. तिरक्या धडकेत पट्टा नसलेल्या माणसाचे डोके तिच्या कडेवरून निसटून दाराच्या खांबाकडे जाते. त्या जुन्या गाडीला बाजूने पडदा सोडणारी पिशवी नव्हती. कानाच्या वरचे ते सुपारीएवढे टेंगूळ तिथले होते.

आणि ती क्लिप? पट्टा लावला आहे की नाही हे पाहून पिशवी कोणत्या धडकेला उघडावयाची याचा निर्णय काही गाड्यांतील यंत्र करते. क्लिप खोचली की यंत्राला वाटते, माणूस बांधलेला आहे. म्हणजे जी वस्तू आपला जीव वाचविण्यासाठी ठेवली, तिच्याच पुढे आपण रोज खोटी साक्ष देतो. आठव्या आज्ञेवर आम्ही पुष्कळ प्रवचने केली आहेत, पण ही खोटी साक्ष आमच्या यादीत कधी आली नव्हती. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ सालच्या मे महिन्यात ऑनलाइन विक्री करणाऱ्या पाच मोठ्या संस्थांना या क्लिपा विकणे थांबविण्याचा आदेश दिला, आणि तेव्हा विक्रीसाठी मांडलेल्या १३,११८ नोंदी काढून टाकण्यात आल्या. मास्तरचा अपघात त्यानंतर दोन महिन्यांनी झाला. आदेश निघाला होता. क्लिप गाडीतच होती.

आता पुन्हा चारोटीकडे वळू. दसऱ्याच्या दिवशी आंब्याखाली आम्ही सर्वांनी त्या अपघाताचा एक सोयीस्कर अर्थ लावला होता की, तो वेगाचा अपघात होता, श्रीमंतांचा अपघात होता. वेग होताच. कंपनीने पोलिसांना दिलेल्या माहितीनुसार धडकेच्या पाच सेकंद आधी गाडीचा वेग तासाला १०० किलोमीटर होता आणि धडकेच्या क्षणी ८९. पुलाजवळ तीन पदरी रस्ता दोन पदरी होतो, त्याचीही चर्चा झाली. परंतु त्या गाडीत चार जण होते. पुढच्या आसनांवरील दोघे गंभीर जखमी झाले, पण जगले. मागील आसनांवरील दोघे, मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी, जागीच गेले. मिस्त्री यांच्या डोक्याला जबर मार होता. त्यांचे वय ५४. म्हणजे आमच्याच पिढीचे. गाडी उत्तमांतील उत्तम होती, पुढील एअरबॅग उघडल्याही होत्या. मागे बसलेल्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. मागच्या माणसापुढे समोरून उघडणारी पिशवी बहुतेक गाड्यांत नसतेच. पट्टा नसला की तो पुढील आसनावर जाऊन आदळतो. कधी पुढे बसलेल्याचाही जीव घेतो.

आम्हांला येथे १९९७ सालचा ऑगस्ट आठवतो. तेव्हा आम्ही सेमिनरीत होतो. ३१ तारखेला पॅरिसमध्ये राजकन्या डायना अपघातात गेली आणि पाचच दिवसांनी मदर तेरेसा गेल्या. त्या आठवड्यात भोजनगृहात दुसरे बोलणे नव्हते. छायाचित्रकारांना आम्ही यथेच्छ दोष दिला. पुढे २००६ साली लंडनच्या पोलिसांनी सविस्तर चौकशीचा अहवाल दिला. त्यात म्हटले होते की, धडकेच्या वेळी गाडीतील कोणीही पट्टा लावलेला नव्हता. पुढच्या दोन्ही एअरबॅग उघडल्या होत्या. तरी चालक गेला, आणि त्याच्या शेजारचा अंगरक्षक वाचला तो चेहऱ्याच्या हाडांचा चुरा होऊन. म्हणजे जे आम्ही २०२३ साली चारीच्या काठावर उभे राहून शिकलो, ते जगाला केव्हाच कळलेले होते.

कायदाही नवीन नाही. मागील आसनावर पुढे तोंड करून बसणाऱ्यानेही पट्टा लावला पाहिजे, हे केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहेच. २०१९ च्या दुरुस्तीने दंड हजार रुपये झाला. चारोटीनंतर मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून त्याची सक्ती जाहीर केली. तरीही केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे त्या एका वर्षात देशात पट्टा न लावलेले १६,७१५ लोक अपघातात मरण पावले: ८,३८४ चालक आणि ८,३३१ प्रवासी. या आकड्यांत मास्तर नाही. तो जगला. डोक्याला मार लागून जगलेल्यांचे पुढे काय होते, हे कोणत्याच आकड्यात दिसत नाही; म्हणून ते सांगितले पाहिजे.

बाराव्या दिवशी मास्तरने डोळे उघडले. सव्वा महिन्याने तो घरी आला. पाड्याने त्याचे स्वागत केले, आम्ही आभाराची मिस्सा अर्पण केली. हळूहळू एकेक गोष्ट ध्यानात येऊ लागली. सातवीच्या वर्गातील मुलांची नावे त्याला आठवेनात. गणित सोडवावयास घेतले की अर्ध्यावर खडू हातात धरून तो उभा राही. उजेड डोळ्यांना सहन होईना, आवाज कानांना. ज्याने कधी मुलीवर हात उगारला नव्हता, तो भाजीत मीठ कमी म्हणून ताट भिरकावू लागला आणि मग स्वतःच कोपऱ्यात बसून रडू लागला. शाळेने सांभाळून घेतले, हलके काम दिले. परंतु ज्या फळ्यासाठी बापाने द्राक्षांच्या काड्या वेचल्या, त्या फळ्यापुढे तो पूर्वीसारखा उभा राहू शकला नाही. त्याची पत्नी एकदा म्हणाली, "फादर, माणूस तोच आहे. पण घरात कुणी पाहुणा राहायला आल्यासारखं वाटतं. त्याला काय आवडतं, काय नाही, ते पुन्हा शिकतेय."

मनावरचा भार आम्हांला असह्य झाला होता. एके दिवशी आम्ही मास्तरजवळ बसलो आणि सांगून टाकले की, दसऱ्याच्या दिवशी ती क्लिप आम्ही पाहिली होती, आणि बोललो नाही. त्याने आमच्याकडे बराच वेळ पाहिले. मग अगदी शांतपणे विचारले, "कुठल्या दसऱ्याला, फादर?" त्याला तो दिवस आठवत नव्हता. आंबा, माळा, पेढा, वडिलांचा प्रश्न, काही नाही. पापनिवेदनाच्या आसनावर इतकी वर्षे बसलेल्या आम्हांला तेव्हा प्रथमच कळले की, ज्याच्यापाशी क्षमा मागावयाची त्याला अपराधच आठवत नसेल तर माणूस किती एकटा पडतो. स्वयंपाकघराच्या दारातून त्याची पत्नी म्हणाली, "ती क्लिप मीही रोज बघत होते, फादर. तुम्ही एकदा पाहिली."

आम्ही आता विचार करतो की, आपल्या सर्वांना पिशवीचा एवढा भरवसा का वाटला असावा? ती आपणांकडून काहीच मागत नाही म्हणून. ती आपोआप उघडते. पट्टा मात्र दर वेळी हात मागे न्यावयास लावतो, खांद्याला काचतो, सदऱ्याची इस्त्री मोडतो, 'मी एवढा भित्रा आहे का' असे मनाला वाटावयास लावतो. नील्स बोलिन या स्वीडिश अभियंत्याने १९५९ साली व्होल्वोसाठी खांदा आणि कंबर दोन्ही धरणारा आजचा पट्टा तयार केला, आणि कंपनीने तो सर्वांना खुला ठेवला. इतका साधा, इतका स्वस्त. परंतु जे स्वतःच्या हाताने करावे लागते त्यापेक्षा जे आपोआप होते त्याच्यावर माणसाची श्रद्धा लवकर बसते. आशीर्वादाकडेही आमचे लोक, आणि खरे सांगावयाचे तर आम्हीही, त्याच नजरेने पाहत होतो काय?

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे. ज्या भागात पहाटेच्या काळोखात एका जीपमध्ये वीस-वीस मजूर कोंबून नेले जातात, तिथे पट्ट्याचे प्रवचन करताना जीभ अडखळते. पिकअपच्या हौद्यात उभ्या असलेल्या बाईला कोणता पट्टा सांगावा? तो अन्याय वेगळा आहे आणि त्याविषयी वेगळे लिहावे लागेल. परंतु ज्यांच्या गाडीत पट्टा आहे त्यांनी तो न लावण्याने त्या बाईचे काही भले होत नाही.

वाचकहो, आपणांपैकी पुष्कळांच्या घरी आज मोटार आहे. मागे बसताना पट्टा लावा; पाहुण्यांना लावावयास सांगा, धर्मगुरूंनाही सांगा. मुलाला पुढे मांडीवर घेऊन बसू नका. २०२४ च्या डिसेंबरात नवी मुंबईत वाशी येथे पुढे बसलेला सहा वर्षांचा मुलगा उघडलेल्या एअरबॅगच्या आघाताने गेल्याचे वृत्त आपण वाचले असेल. लहान मुलाची जागा मागे, आणि तीही पट्ट्यासह. अपघातानंतर एअरबॅग उघडली आणि रक्त आले नाही, म्हणून डोक्याला काही झाले नाही असे समजू नका. उलटी होणे, झोप आवरता न येणे, बोलणे असंबद्ध होणे, यांपैकी काही दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

आम्ही आमच्या जीपचे सीटकव्हर फाडून मागचे पट्टे बाहेर काढले आहेत. दसऱ्याला आजही आंब्याखाली वाहने येतात. आता आशीर्वादापूर्वी आम्ही मालकाला आत बसवितो, सर्व कुटुंबाला आपापल्या जागी बसवितो आणि पट्टे लावावयास सांगतो. सगळ्या खाचांतून खट् खट् आवाज आले की मगच पुस्तक उघडतो. लोक हसतात. हसू देत.

गेल्या दसऱ्याला मास्तरही आला होता. तो आता गाडी चालवीत नाही. पत्नी शिकली आहे, तीच चालविते. तो मागे मुलीजवळ बसतो. आम्ही पाणी शिंपडण्यासाठी वाकलो तेव्हा त्याने आपल्या छातीवरचा पट्टा चाचपून पाहिला, मग मुलीचा पाहिला आणि पुढे वाकून पत्नीला विचारले, "पट्टा लावलास का?" ती म्हणाली, "लावला." गाडी फाटकापर्यंत गेली असेल नसेल, खिडकीतून पुन्हा त्याचा आवाज ऐकू आला, "पट्टा लावलास का?" एकदा विचारल्याचे त्याला आठवत नव्हते. तिने तितक्याच शांतपणे उत्तर दिले, "लावला हो." गाडी घाटाच्या रस्त्याला लागली.